‘थाई’ खोडलं त्याची गोष्ट

मराठवाड्यात समुद्र नाही, हे आठवड्यातून एकदा तरी मला कुणीतरी समजावून सांगतं. एसटीत शेजारी बसलेल्या बाई विचारतात, "काय करतीस माय?"

"मासे ओळखते."

"मंजे?"

"म्हणजे उथळ पाण्यात उतरायचं, कुठला मासा कुठं आहे, नवा कोण आला, जुना कोण गेला, ते बघून लिहून ठेवायचं."

बाई मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि मायेनं म्हणतात, "नोकरी लागंना का अजून?"

तर ही माझी न लागलेली नोकरी. नांदेडच्या एका लहानशा संस्थेत सहा वर्षं करून राहिले आहे. आमचा समुद्रकिनारा म्हणजे गोदावरी-मांजरेचा गुडघाभर पाण्याचा काठ, तलावाच्या मागची गाळाची पसर आणि वाळू उपसून नदीत पडलेले खड्डे. यातला तिसरा प्रकार शासनाच्या कागदावर नाही, पण बिलोली भागात सगळ्यात मोठा तोच आहे. संपादकांनी फोनवर सांगितलं, "दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा, गमतीदार किस्से असतील ना?" आहेत. शेवटचा सोडून सगळे गमतीचे आहेत.

आधी काम सांगते, म्हणजे लोकांना वाटतं तसं ते पाण्यात पाय सोडून बसणं नाही हे कळेल. सकाळचं तिरपं ऊन असताना पाण्यात उतरायचं. ऊन बाजूनं घ्यायचं. समोरून घेतलं तर पाणी चमकतं, पाठीवर घेतलं तर आपली सावली पुढं पडते आणि मासे पसार. पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत न्यायचा. मासा हाती आला की ओल्या पांढऱ्या ताटात ठेवायचा आणि क्रमानं प्रश्न विचारायचे. खवले आहेत की नुसती कातडी? मिशा किती? तोंड वर, समोर की पोटाखाली? पाठीवरचा पर आखूड, की शेपटीपर्यंत लांब? रंगावर अगदी शेवटी यायचं, कारण गढूळ पाण्यात मासा रंग बदलतो. नवशिका माणूस रंगापासून सुरुवात करतो आणि पत्रकार रंगावरच थांबतो.

ते पांढरं ताट आमच्या नायगावच्या घरचं. घर माळकरी. पहिल्यांदा मागितलं तेव्हा आईनं कशाला हवं ते विचारलं, मी खरं सांगितलं. तिनं ताट दिलं आणि म्हणाली, "घेऊन जा. पन ते पुन्ना या उंबऱ्याच्या आत आनू नको." ताट सहा वर्षं गोठ्यात राहतं. मला आत घेतात, एवढंच.

लातूरजवळच्या एका तलावाच्या गावातून एकदा फोन आला : मगरीचं पिल्लू निघालंय. गेले. पिल्लू घमेल्यात होतं आणि त्याच्या पाठीवर हळदकुंकू पडलेलं होतं. एक जण मोबाईल आडवा धरून ‘थेट प्रक्षेपण’ करत होता आणि मी घमेल्याजवळ वाकल्यावर माझंही करायला लागला. सरपंच म्हणाले, "मॅडम, बगा, याला चार डोळे हायत."

डोळे दोनच होते. पुढची दोन नाकपुड्या. अंगावर हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत, तोंड पोटाखाली वाटीसारखं. हा काचेच्या पेटीतला मासा, पेटीचं शेवाळ चाटून साफ करायला विकतात. त्याचं मूळ गाव साता समुद्रापलीकडं. तलावात पडला की वीतभराचा हातभर होतो, काठ पोखरून बिळं करतो, आणि चिलखतामुळं त्याला कुणी गिळायला धजत नाही.

"मंग हितं आला कसा?" सरपंचांनी विचारलं.

लातूरहून आला. मला हे पक्कं ठाऊक आहे, कारण मीही दोन वर्षं लातुरात डॉक्टर व्हायला होते. आईबापांना पोरगी डॉक्टर हवी असते, पोरीला खोलीत बोलायला कुणीतरी हवं असतं, आणि घरमालकाला कुत्रं-मांजर चालत नाही. म्हणून खिडकीत काचेची बरणी आणि बरणीत मासा. परीक्षा झाली, निकालाचा अंदाज आला, गाद्या गुंडाळल्या, की हा मासा कुणाला द्यायचा? नाल्यात टाकायला जीव होत नाही. मग दोघी-तिघी रिक्षा करून तलावावर जातात आणि त्याला मोकळं करतात. मोकळं करताना आम्ही हातही जोडले होते. आमच्यातली एकही डॉक्टर झाली नाही. माशाचं बरं चाललंय.

सरपंचांना एवढं सगळं सांगून मी बजावलं, "हा परत पाण्यात सोडायचा नाही." त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फोनवर व्हिडिओ आला : बँड, गुलाल, आणि चार डोळ्यांच्या देवाला वाजतगाजत तलावात निरोप.

दुसरा किस्सा डाळमिलवाल्या शेठचा. लातूरच्या बाहेर त्यांचं शेततळं. तिथं माशानं गड्याच्या पायाचा अंगठा चावला. शेठनी मोबाईलवर शोधून निदान स्वतःच केलं होतं : पिरान्हा. मी पोचले तेव्हा तळ्याभोवती दोरी बांधलेली आणि शेठ खुर्ची टाकून दहा हात लांब बसलेले.

जाळं टाकलं. पसरट, पोटाकडून तांबूस मासा. तोंड उघडून दाखवलं तर आत माणसासारखे दात, अगदी दाढांसकट. शेठ खुर्चीसकट मागं सरकले. "म्हटलं नव्हतं?"

"शेठ, हा रूपचंद. पिरान्ह्याच्या नात्यातला आहे, पण असा दाणे फोडणारा. तुमच्या मुनिमानं माशांचं बीज आणून टाकलं असेल. शहरातली निम्मी हॉटेलं पापलेट म्हणून हाच वाढतात."

शेठ बराच वेळ माशाच्या दातांकडं बघत बसले. "रविवारी मी जे खाल्लं ते…"

"काटा मधे एकच होता, की बाजूलाही बारीक होते?"

"होते."

"मग हाच."

"हे कुनाला सांगू नका," शेठ म्हणाले. पिरान्ह्याचं मात्र त्यांनी धान्यबाजारात, साऱ्या मोंढ्यात सांगितलेलं होतं.

लोकांना हसायला मला आवडतं, ते मी लपवत नाही. अडाणी अडाणी म्हणत मी सहा वर्षं फिरले. सगळ्यात महागात पडलेलं अज्ञान एका शिकलेल्या बाईचं होतं. ती बाई मी.

मांगूर नावाचा मासा दोन प्रकारचा असतो. दोघांनाही खवले नाहीत, दोघांनाही चार जोड मिशा, दोघांचाही पर पाठभर लांब, आणि दोघंही हवेतला श्वास घेऊन पाण्याबाहेर बराच वेळ टिकतात. एक आपला गावठी. वीत-दीड वितीचा, शांत, गाळात राहणारा. दुसरा थाई मांगूर. नाव थाई, मूळचा आफ्रिकेतला. मांडीएवढा होतो, तोंडात मावेल ते खातो, मेलेलं जनावरही सोडत नाही. त्याच्यावर बंदी आहे. बंदी आहे म्हणून तो चोरून पाळतात, घाणेरड्या खड्ड्यात, खाटकाकडचं उरलंसुरलं टाकून. खड्डा भरून वाहिला की तो नदीत, आणि नदीत आला की बाकीच्यांची पंगत संपली.

हा फरक बोटानं ओळखायचा असतो. मला ते सायन्नामामांनी शिकवलं. सायन्नामामा बिलोली तालुक्यातले भोई. त्यांच्या गावासमोर मांजरा आणि पल्याड तेलंगण, त्यामुळं त्यांची अर्धी मराठी तेलुगूतून भिजून येते. मला ते ‘बिड्डा’ म्हणतात, म्हणजे लेकरू. पहिल्या दिवशी त्यांनी माझं बोट धरून माशाच्या डोक्यावर मागच्या बाजूला फिरवलं. "हितं हाड गोल लागलं? नाटू हाय." नाटू म्हणजे गावठी. "खाच लागली, दोन टोकं लागली, तं तो भाईरचा. डोळ्यानं बगू नको बिड्डा, डोळे फसतेत." माझ्या पुस्तकात हीच गोष्ट अडीच पानांत, आकृतीसकट होती.

नदीकाठच्या वाळूच्या एका जुन्या खड्ड्यात मामांनी नाटू मांगूर राखला होता. विकायला फारसा नाही. कुणी आजारातून उठलेलं असलं, कुणी बाळंतीण असली, की घरची माणसं येत आणि मामा एखाद-दुसरा देत. पाणी वाढलं की काही मासे नदीत सोडत. "बी हाय हे," म्हणायचे. त्या अख्ख्या पट्ट्यात गावठी मांगूर मला दुसरीकडं कुठंही सापडलेला नाही. बी होतं ते तेवढंच.

आमच्या संस्थेनं थाई मांगुराविरुद्ध मोहीम काढली आणि पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. येणारच. मी कॉलेजपासून पत्रकं लिहिते. वसतिगृहाचं पाणी, मुलींचा बसपास, वाळूचे हायवा ट्रक, कशावर म्हणाल त्यावर. पत्रकाचं एक शास्त्र आहे : घोषणा तोंडात बसली पाहिजे. मी लिहिलं, ‘थाई मांगूर हटवा, मांजरा वाचवा’. मोठ्यानं म्हणून बघितलं. अडखळत होतं. ‘मांगूर’वर ‘मांजरा’ कशी टाळीला टाळी येते, आणि पुढं ते ‘थाई’ पायात आल्यासारखं. मी खोडलं.

‘मांगूर हटवा, मांजरा वाचवा.’

संस्थेचे प्रमुख, आमचे सर, टेबलावर हात आपटून म्हणाले, "वा! आता बसली."

आत बारीक अक्षरात थाई, बंदी, सगळं होतं. आतलं बारीक अक्षर कोण वाचतं? मी स्वतः कुणाचं वाचत नाही. छापखान्यानं वर टाकायला फोटो मागितला. थाई मांगुराचे माझ्याकडचे फोटो सगळे हललेले, कारण तो मासा धरला की धरणाऱ्यालाच हलवतो. मग ‘मांगूर’ नावाच्या फोल्डरमधला सगळ्यात चांगला फोटो मी पाठवला. दोन हातांत नीट धरलेला, शांत, चकचकीत मासा. ते हात सायन्नामामांचे होते.

पत्रकांचे गठ्ठे घेऊन बिलोलीकडं गेले तेव्हा एक मामांनाही दिलं. मामांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा असा फुलला! "नरसा, ये नरसा! हे बग. आपला मासा छापला पोरीनं." नरसाबाई, म्हणजे मामी, हात पुसत आल्या. "काय लिवलं गं याच्यात?"

मला पुढच्या गावी जायचं होतं. मी म्हणाले, "मांजरा वाचवा, असं लिहिलंय."

अर्धी ओळ वाचून दाखवली. आधीची अर्धी नाही. लपवायचं म्हणून नाही. माझ्या डोक्यात मांगूर म्हणजे थाई हे इतकं घट्ट बसलं होतं की हातात मामांचा मासा छापलेला कागद धरूनसुद्धा मला काही खटकलं नाही. मामींनी भाताची खळ लावून पत्रक दारावर चिकटवलं.

दोन आठवड्यांनी सकाळी मामींचा फोन आला. "तुजा कागद घेऊन मानसं आलीत. खड्ड्यात इंजन लावलंय. तू ये."

नायगावहून बिलोली काही लांब नाही. त्या दिवशी लांब होतं. पोचले तेव्हा खड्डा जवळपास उपसून झाला होता. गावातल्या युवा मंडळानं मत्स्यविभागाला कळवलं होतं. पोरं चांगली, उत्साही. घोषणा त्यांच्या तोंडात छान बसली होती. विभागाचं पथक यायच्या आधी त्यांनी आपल्याकडून मदत म्हणून पाण्यात ब्लीचिंग पावडरही ओतली होती. ताडपत्रीवर माशांचा ढीग पडला होता. शेजारी जेसीबी पुरण्यासाठी चर खणत होता. नदीत जेसीबी शोधायला आमच्याकडं कधी वेळ लागत नाही. मामा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. ओरडत नव्हते, आडवे पडत नव्हते. मोर्च्यात मी लोकांना कसं आडवं पडायचं ते शिकवलेलं आहे.

पथकाचे साहेब मला बघून खूश झाले. "बरं झालं मॅडम, तुम्हीच आलात. पत्रक तुमचंच ना? तज्ज्ञ म्हणून पंचनाम्यावर सही करा, म्हणजे या म्हाताऱ्यावर गुन्हा टाकायला बरं."

पंचनाम्याला माझं पत्रक टाचलेलं होतं. संदर्भ म्हणून.

मी ताडपत्रीवर बसले आणि एकेका डोक्यावर बोट फिरवायला लागले. गोल. गोल. गोल. काही मासे गार पडले होते, काहींचे कल्ले अजून हलत होते. ढिगाच्या तळापर्यंत गेले. खाच एकालाही लागली नाही.

"साहेब, हा गावठी मांगूर आहे. याच्यावर बंदी नाही. उलट हा राखायला पाहिजे."

"मॅडम, इथं ‘मांगूर हटवा’ लिहिलंय. फोटोही हाच आहे. दारावर लावलेला होता, त्यावरून तर घर सापडलं."

"पत्रक चूक आहे."

"कुणाचं?"

"माझं."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला. "मग तसं लिहून द्या. नाहीतर इतकं डिझेल जाळून मी रिकामा कसा जाऊ?"

मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "घाई करू नकोस. मोहीम ऐन भरात आहे. ‘सदोष’ लिही. ‘काही ठिकाणी संदिग्धता राहिली’ असं लिही."

"सर, मासे मरून राहिलेत."

"म्हणूनच म्हणतो, आता लिहून काय उपयोग?"

पोरं मोबाईल धरून उभी होती. त्यांचा पुढारी म्हणाला, "ताई, आमी तं तुमचंच आयकून आलो ना." त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. मामांवर गुन्हा पडला असता तर भोयांच्या सोसायटीतून त्यांचं नाव कटलं असतं आणि नदीत जाळं टाकायचा हक्कही गेला असता. त्या काठावर मामांना दुसरं काही नाही.

मी लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात बेचव पत्रक : ‘जप्त केलेले सर्व मासे गावठी मांगूर जातीचे आहेत. सोबत जोडलेले पत्रक मी लिहिले आहे. त्यातील मथळा आणि छायाचित्र ही माझी चूक आहे. श्री. सायन्ना यांचा काही दोष नाही.’ खाली सही. साहेबांनी वाचलं, घडी घातली आणि जेसीबीवाल्याला हात केला. थांबव.

ढिगातले जिवंत मासे आम्ही वेचले. मामी, मी आणि ती युवा मंडळाची पोरंसुद्धा. अर्ध्या पिंपाच्या पाण्यात मावले. उरलेल्या ढिगाला तो तयार चर कामाला आला. त्या गडबडीत मामी एकदाच माझ्याशी बोलल्या. "माय, तुजं लिवनं लई मोठं हाय गं. आमचं घर हुडकून काडलं त्यानं."

आठ दिवसांनी मी दुरुस्तीचं पत्रक छापून मामांकडं घेऊन गेले. मोठ्या अक्षरात ‘थाई’, खाली दोन्ही डोक्यांची आकृती. मामांनी ते हातात घेतलंच नाही. म्हणाले, "कागद नको. तोंडानं सांग. जिथं जिथं वाटलास तिथं तोंडानं सांग."

म्हणून मी बिलोलीच्या बाजारात मासळीच्या ओळीत उभी राहून ओरडायला लागले, आठवड्यामागून आठवडे. गावठी मांगूर मारू नका, मी चुकीचं छापलं होतं, इकडं या, बोट लावून बघा. पाटीवाल्या बायांनी मनसोक्त करमणूक करून घेतली. "ये मास्तरीन, आज काय चुकलं गं?" एकीनं तर तिच्या पाटीतल्या चिलापी माशाच्या डोक्यावर माझं बोट ठेवून विचारलं, "हे कोन्या गावचं हाय सांग, न्हाईतर पुन्ना छापशील." पण बोट लावून बघायला त्या शिकल्या. नंतर दोनदा थाई मांगूर बाजारात आला, तो त्यांनीच पकडून दिला. सरांनी अहवालात याला ‘लोकसहभागातून प्रबोधन’ म्हटलंय. पंचनाम्याचं त्यात काही नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

यंदा आमचं मांजरेचं सर्वेक्षण झालं. बिलोलीच्या पट्ट्यात ‘गावठी मांगूर’ या ओळीपुढं मी ‘आढळला’ असं लिहिलंय, कारण मामींनी माझ्यासमोर एका बाळंतिणीच्या सासूला पदराखालून एक ताजा, वळवळता मासा दिला. मी ओळखला. शेजारचा ‘ठिकाण’ हा रकाना मात्र कोरा आहे. जुन्या खड्ड्यात आता रेतीचे हायवा उभे असतात.

नांदेडहून फोन येतात. ठिकाणाशिवाय नोंद धरता येत नाही, म्हणतात. गेल्या महिन्यात मी मामांच्या ओट्यावर बसले आणि शेवटी विचारलंच, "मामा, कुठं ठेवलेत?"

मामा जाळं विणत होते. गाठ ओढून घट्ट केली, दातानं धागा तोडला.

"न्हाई सांगत बिड्डा. तुला सांगितलं की तू छापतीस."